मुंबई ते तेल अवीव: अंतर ४,०५० किलोमीटर, मग विमानाला नक्की वेळ किती?

ठाण्याची_लेक | ४ फेब्रुवारी २०२३, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा वाटेल, पण आठवडाभर माझी झोप उडाली आहे.

माझी आई ७४ वर्षांची. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, १९७१ मध्ये लग्न होऊन इस्राएलला गेली. आता अश्दोदला असते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागजवळचे, दोन पिढ्या ठाण्यात. मावशी आजवर चारदा इकडे येऊन गेली. आई मात्र एकदाही गेलेली नाही. आधी आम्ही लहान होतो, मग बाबांचं आजारपण निघालं, मग कोविड. आता तिनेच विषय काढला. "पेसाह झाला की मी जाणार," म्हणाली. (पेसाह म्हणजे आमचा एप्रिलच्या सुमाराचा सण.) एकटी जायचं म्हणते.

तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. एका जागी चार तासांच्या पुढे बसवत नाही. म्हणून वेळ किती लागतो ते शोधायला बसले, तर प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा. एक साइट म्हणते ४,०५० किमी, ५ तास. मावशी म्हणते, "आठ तास धरून चाल." तिकिटांच्या साइटवर ९ तासांपासून २२ तासांपर्यंत काय वाट्टेल ते दिसतं. दोन्ही विमानतळ तर जागचे हललेले नाहीत. मग हा फरक कशाचा? आणि आईला कुठल्या वाटेने पाठवू?

---

नकाशावेडा | ४ फेब्रुवारी २०२३, रात्री ११:४०

ताई, ४,०५० हा आकडा बरोबर आहे. मी अक्षांश-रेखांश घेऊन हाताने काढून पाहिला. सहारचा विमानतळ साधारण १९.१ उत्तर, ७२.९ पूर्व. तेल अवीवचा बेन गुरियन विमानतळ ३२.० उत्तर, ३४.९ पूर्व. पृथ्वीच्या गोलावरून सरळ दोरा ताणला की ४,०५० च्या आसपास येतं. गंमत म्हणजे दिल्लीहून काढलं तरी तेवढंच येतं, दहा किलोमीटरचासुद्धा फरक नाही. मला आधी खरं वाटेना, म्हणून पुन्हा केलं.

त्या साइट काय करतात, तर हे अंतर घेतात, विमानाचा वेग ताशी ८५० किंवा ९०० धरून भागतात आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवतात. आले पाच तास. गणितात चूक नाही. पण गणिताला खाली कुठला देश आहे ते ठाऊक नसतं.

घरी पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर बोट ठेवून दोरा ताणून बघा. अरबी समुद्र, मग होर्मुझची सामुद्रधुनी, इराणच्या किनाऱ्याला घासून आखात, उत्तर सौदी, जॉर्डन आणि मग इस्राएल. यातला कुठला देश कुठल्या विमानाला वर येऊ देतो, यावर तुमच्या आईचे तास ठरतात.

---

कडधान्य | ५ फेब्रुवारी २०२३, सकाळी ७:०५

इतकं खोलात कशाला? तिकीट काढताना वेळ लिहिलेली असते, तीच खरी. सगळ्यात कमी वेळेचं घ्या.

---

ठाण्याची_लेक | ५ फेब्रुवारी २०२३, सकाळी ९:३०

@कडधान्य, तेच केलं असतं. पण मावशी म्हणते की तिच्या शेजारणीला त्याच मुंबईच्या विमानात एका वर्षी आठ तास लागले. आईला मी पाच तास सांगितले आणि आठ निघाले, तर ती हवेत अडकणार आणि मी इथे. मला कारण समजून घ्यायचंय.

---

उड्डाणपत्र | ५ फेब्रुवारी २०२३, दुपारी १२:२०

मी सत्तावीस वर्षं एका विमान कंपनीत विमानांचे मार्ग आखण्याचं काम केलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. नकाशावेडा यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलंय. मावशींचं आठ तास आणि साइटचं पाच तास, दोन्ही खरं आहे. जरा सविस्तर लिहितो.

इस्राएल झाल्यापासून जवळजवळ सत्तर वर्षं सौदी अरेबियाने इस्राएलकडे जाणाऱ्या विमानांना आपल्या आकाशातून जाऊ दिलं नाही. मग इस्राएलच्या कंपनीचं विमान मुंबईला कसं यायचं? तेल अवीवहून निघून इस्राएलच्या दक्षिण टोकाच्या एइलातवरून खाली तांबड्या समुद्रात. तो समुद्र उभाच्या उभा पार करून इथिओपियाच्या बाजूला, तिथून एडनच्या आखातावरून पूर्वेला वळून अरबी समुद्र, मग मुंबई. मुंबईहून परत जातानाही तेच: वायव्येला जायचं असताना आधी नैर्ऋत्येला आफ्रिकेच्या शिंगापर्यंत जायचं. ही वाट मी मोजली तर साधारण ५,५५० किमी होते, म्हणजे दीड हजार किमी जास्त. त्यामुळे पाचाचे सात तास व्हायचे. हिवाळ्यात समोरून वारा असला की साडेसात-आठ. मावशींची शेजारीण खोटं बोलत नव्हती.

२२ मार्च २०१८ ला दिल्लीहून निघालेलं एअर इंडियाचं विमान सौदीवरून गेलं. इस्राएलला जाणारं आणि सौदीवरून उडालेलं ते पहिलं नियमित प्रवासी विमान. आम्ही ऑफिसात स्क्रीनसमोर उभे राहून त्याची रेघ पुढे सरकताना पाहत होतो. त्या दिवशी कुणी जेवायला उठलं नाही. पण ही सवलत एअर इंडियाला होती, इस्राएलच्या कंपनीला नव्हती. एल आल ही इस्राएलची विमान कंपनी त्या वेळी या असमानतेविरुद्ध इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयात गेली होती. साहजिक आहे. त्याच दोन देशांच्या मधे एकाने सरळ जायचं आणि दुसऱ्याने इथिओपिया बघून यायचं. मोठं विमान तासाला साधारण पाच टन इंधन खातं, दोन तासांचे दहा टन झाले.

आणि एक लक्षात घ्या. दिल्लीहून सरळ वाट पाकिस्तान, इराण, इराकवरून जाते. ती सोडून खाली अहमदाबाद, मस्कत, सौदी असं यावं लागलं, त्यामुळे सौदीने दार उघडूनही दिल्लीच्या विमानाला सात तासांच्या वर लागले. अंतर मुंबईइतकंच, हे वर आलंच आहे.

१५ जुलै २०२२ ला सौदीने सगळ्याच कंपन्यांना आकाश मोकळं केलं. लोकांना वाटलं आता झालं. पण मुंबईच्या बाजूने समुद्रावरून सौदीत शिरायचं तर मधे ओमान किंवा येमेन लागतं. येमेनवरून जायचा प्रश्नच नाही. आणि ओमानने इस्राएली विमानांना अजून हो म्हटलेलं नाही. घराचं आतलं दार उघडलंय, अंगणाचं फाटक बंद आहे.

---

नकाशावेडा | ५ फेब्रुवारी २०२३, दुपारी ३:१५

उड्डाणपत्र सर, फार सुरेख. "फाटक" वाचून मी आणखी एक मोजणी केली. ताईंच्या उपयोगाची आहे.

दुबई सरळ रेषेपासून फक्त दीडेकशे किलोमीटर दक्षिणेला आहे. मुंबई ते दुबई १,९३० आणि दुबई ते तेल अवीव २,१३० किमी. बेरीज ४,०६०. म्हणजे दुबईला उतरून पुन्हा चढलं तरी अंतर जेमतेम दहा-पंधरा किमीने वाढतं! अदिस अबाबाकडून गेलात तर ३,८३० अधिक २,५९०, म्हणजे सुमारे ६,४२०. दोरा किंचित वाकवला तर लांबी जवळजवळ वाढत नाही, खोल वाकवला की भराभर वाढते.

आणि अमिरातीच्या विमानांना पूर्वेचं हे फाटक लागतच नाही. ती घरातूनच निघतात: अमिरात, सौदी, जॉर्डन, इस्राएल. २०२० पासून ही वाट सुरू आहे.

---

लोदची_सून | ५ फेब्रुवारी २०२३, रात्री ८:५०

शालोम आणि नमस्कार! मी लोदला राहते. बेन गुरियन विमानतळ आमच्या गावाला लागूनच आहे. १९७३ पर्यंत त्याचं नावच लोद विमानतळ होतं. आमच्या सासूबाई अजूनही "लोदला उतरलो" असंच म्हणतात. त्यांचं माहेर रेवदंडा.

ठाण्याच्या ताई, तुमची मावशी १९७१ ला आली म्हणजे बहुधा तेहरानवरून आली असणार. आमच्या सासूबाई १९६९ ला तशाच आल्या. मुंबईहून तेहरान, तिथे एक रात्र, मग दुसऱ्या विमानाने इथे. १९७९ ला इराणात क्रांती झाली आणि ती वाट कायमची गेली. त्यांना विचारलं किती तास लागले, तर म्हणतात, "दोन दिवस आणि एक डबा." डब्यात भाकरी आणि बोंबलाची चटणी होती. तेहरानच्या खोलीत त्यांनी ती खाल्ली आणि रात्रभर रडल्या. हे त्यांनी मला मागच्या वर्षी पहिल्यांदा सांगितलं.

आता कामाचं. आईंना शुक्रवारी किंवा शनिवारी पोहोचवू नका. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ या विश्रांतीच्या दिवशी, इथल्या आगगाड्या आणि बहुतेक बस बंद असतात, एल आलची विमानंही त्या दिवशी उडत नाहीत. तुमच्या घरी शब्बाथ पाळत असतील तर न्यायला येणाऱ्यांचाही प्रश्न येतो. मंगळवार-बुधवार उत्तम. विमानतळावर पासपोर्टावर शिक्का मारत नाहीत, एक छोटी निळी चिठ्ठी देतात. ती परत निघेपर्यंत पासपोर्टात जपून ठेवायला सांगा. आणि चौकशी होईल: कुणाकडे जाता, बॅग कुणी भरली, नातं काय. आईंनी घाबरू नये. मावशींचा पत्ता आणि फोन कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

---

ठाण्याची_लेक | ६ फेब्रुवारी २०२३, सकाळी ८:००

लोदच्या वहिनी, मी आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तीपण तेहरानवरूनच गेली. आम्ही सांताक्रूझला सोडायला गेलो होतो. परत येताना बाबा गाडीत एक शब्द बोलले नाहीत." हे मला आज कळलं.

एक शंका. तिकिटावर निघायची आणि पोहोचायची वेळ पाहिली की हिशोब जमत नाही. जाताना दोनच तास दिसतात, येताना साडेआठ!

---

उड्डाणपत्र | ६ फेब्रुवारी २०२३, सकाळी १०:१०

तिथली घड्याळं मागे आहेत. हिवाळ्यात साडेतीन तास, उन्हाळ्यात अडीच. समजा मुंबईहून पहाटे ५ ला निघालं आणि तिथे सकाळी ७ ला पोहोचलं, तर २ अधिक ३॥, म्हणजे साडेपाच तास हवेत. येताना रात्री ९ ला निघून मुंबईत पहाटे ५॥ ला उतरलं, तर साडेआठातून साडेतीन वजा करा, पाच राहतात. मार्चच्या शेवटच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी तिथे घड्याळ तासभर पुढे करतात. तुम्ही एप्रिलमध्ये पाठवणार, तेव्हा अडीच धरा.

जाताना अर्धा तास जास्त लागतो तो वाऱ्यामुळे. त्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, हिवाळ्यात फार जोरात. जाताना तो छातीवर असतो, येताना पाठीवर.

---

उड्डाणपत्र | २४ फेब्रुवारी २०२३, सकाळी ६:३०

ताई, धागा वर आणतोय. काल ओमानने आकाश सगळ्यांना मोकळं केलं. फाटक उघडलं.

मी अकरा वर्षं तांबड्या समुद्राच्या त्या वळणाची इंधनपत्रकं पाहिली आहेत. ही बातमी वाचून सकाळी बायकोला झोपेतून उठवलं.

---

नकाशावेडा | २४ फेब्रुवारी २०२३, सकाळी ७:१५

सर!!! दोरा सरळ झाला.

---

ठाण्याची_लेक | ११ मे २०२३, रात्री ९:४५

उशीर झाला, क्षमा असावी. आई जाऊन आली. काल रात्री परतली. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, म्हणून नीट सांगते.

थेट विमानाचा विचार केला होता, पण आईच्या डॉक्टरांनी सांगितलं की सलग पाच-साडेपाच तासांपेक्षा मधे उठणं-चालणं बरं. नकाशावेडांची ती बेरीज मी डॉक्टरांना दाखवली, की दुबईला थांबून अंतर काहीच वाढत नाही. तेही म्हणाले, मग थांबूनच जाऊ दे. १८ एप्रिल, मंगळवार. मुंबई-दुबई सव्वातीन तास, दुबईला तीन तास, पुढे साडेतीन. एकूण पावणेदहा तास. चाकाची खुर्ची आधीच सांगून ठेवली होती, दोन्हीकडे मिळाली. दुबईला खुर्चीवाल्या मुलाला आईने मराठीत सांगितलं, "बाळा, थोडं चालते मी," आणि त्याला ते कळलं. तो केरळचा होता.

पण खरा आकडा कुणी लिहिला नव्हता, तो मी लिहिते. ठाण्याच्या घरून रात्री साडेबाराला गाडी निघाली, आणि मावशीच्या अश्दोदच्या दारात आई उभी राहिली तेव्हा इथे दुपारचे साडेचार झाले होते. सोळा तास. त्यातले हवेतले पावणेसात. कुणी म्हातारं माणूस पाठवणार असेल तर हा आकडा धरा, साइटवरचा नव्हे. जेवण, औषधाच्या वेळा, पायाची सूज, सगळं या सोळा तासांत बसवावं लागतं. रक्तदाबाची गोळी इथल्या घड्याळाने घ्यायची की तिथल्या, हे मी डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. तेच सगळ्यात उपयोगी पडलं.

बॅगेत आईने दोन किलो पोहे नेले. मी म्हटलं, तिथे मिळतात. तर म्हणाली, "ठाण्याचे पाहिजेत." सुखरूप पोहोचल्याचा मलिदा, म्हणजे आमचा आभाराचा प्रसाद, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मावशीकडे झाला. त्याच पोह्यांचा. ओलं खोबरं, साखर, पाच फळं. मावशीने फोन समोर धरला होता, मी इथून सगळं पाहिलं. दोघी एकाच खुर्चीत मावतील अशा चिकटून बसल्या होत्या.

---

लोदची_सून | ११ मे २०२३, रात्री ११:३०

मी त्या मलिद्याला होते! सासूबाईंना घेऊन गेले होते. तुमच्या आईंनी आणि सासूबाईंनी दोन तास नवगाव, चौल, रेवदंडा एवढंच बोलून काढलं.

---

शुश्रूषा_रत्नागिरी | १६ ऑक्टोबर २०२३, पहाटे ४:१०

जुना धागा वर काढते आहे. मी इस्राएलमध्ये बेरशेवाला एका आजींची शुश्रूषा करते, चार वर्षं झाली. ७ तारखेला हमासने हल्ला केल्यापासून इथे काय चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे. बऱ्याच कंपन्यांनी विमानं थांबवली. सरकारने खास विमानं सोडली आहेत, 'ऑपरेशन अजय'. पहिलं १३ तारखेला दिल्लीला उतरलं. माझ्यासोबतच्या दोघी गेल्या. मी गेले नाही. आजी ९१ वर्षांच्या आहेत, त्यांना सोडून जाववत नाही. घरचे रोज विचारतात किती तासांत येशील. त्यांना या धाग्याची लिंक पाठवली होती, सगळं वाचून बाबा म्हणाले, "अंतर कळलं गं."

---

ठाण्याची_लेक | १६ ऑक्टोबर २०२३, सकाळी ६:०२

बाळ, व्यक्तिगत निरोप बघ. मावशीचा नंबर दिलाय. अश्दोदहून तिचा मुलगा गाडी घेऊन येईल, काही लागलं तर संकोच करू नकोस.

---

शुश्रूषा_रत्नागिरी | ३ जुलै २०२५, रात्री ८:२०

मी घरी आले. रत्नागिरीतून लिहितेय. आजी मार्चमध्ये गेल्या. मी जूनमध्ये परतणार होते, तिकीट काढलं होतं, आणि १३ जूनला इराणशी युद्ध सुरू होऊन बेन गुरियन बंद झालं. इराण, इराक, जॉर्डन, सगळ्यांचीच आकाशं बंद झाली. या धाग्यातल्या दोऱ्याच्या वाटेतला बराचसा पट्टा.

दूतावासात नाव नोंदवलं. बसने उत्तरेला शेख हुसेन पुलापर्यंत, तिथून पायी-बसने जॉर्डन, मग अम्मान. अम्मानहून 'ऑपरेशन सिंधू'च्या विमानाने दिल्ली. तिथून मुंबई, मग रात्रीची कोकणची गाडी. नोंदणी केल्यापासून घराचं दार दिसेपर्यंत नऊ दिवस. पुलावर थांबलो होतो तेव्हा अश्दोदच्या मावशींचा फोन आला, पोचलीस का, पाणी आहे का. रोज दोनदा करायच्या.

ताई, त्यांना मी भेटायला जाऊ शकले नाही. वाईट वाटतं.

---

ठाण्याची_लेक | १९ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१०

मग तूच इकडे ये. मावशी फेब्रुवारीत येतेय! वय ७४, म्हणजे आई तिकडे जाऊन आली तेव्हा आईचं होतं तेवढंच. या वेळी प्रश्न उलटा आहे. तिकडून इकडे यायला फेब्रुवारीत हवेत किती तास धरू? तिचेही गुडघे आईसारखेच.

---

उड्डाणपत्र | २० नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:४०

फेब्रुवारीत वारा पाठीशी. उत्तर अरबस्तानावर हिवाळ्यात तो फार जोरात असतो. सरळ वाट मिळाली तर पाच तासांच्या आत यावं, दुबईला थांबल्या तर दोनदा चढण्या-उतरण्यामुळे हवेतले तास थोडे वाढतात, वर थांबा. घड्याळाचा फरक साडेतीन. तिकीट रद्द करून पैसे परत मिळतील असंच काढा, त्यासाठी दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील. निघायच्या आदल्या रात्री मला इथे विमानाचा नंबर टाका, मी वाट बघून ठेवतो.

---

ठाण्याची_लेक | २० नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:०५

टाकते, काका. आईने नवगावला जायला गाडी आत्ताच सांगून ठेवलीय.